पाच तासांचे लॉकेट

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. तांब्याच्या तारेत खडे गुंफून थोरलीने घडवलेली लॉकेटे धाकटीच्या मांडीवर होती आणि ती त्यांच्या किमती ठरवीत होती.

“तार झाली, खडा झाला. आता मजुरी. या हिरव्याला किती तास धरू, ताई?”

“दोन.”

“मी समोरच होते. पाच लागले.”

“पूर्वी दोनच लागायचे. वरचे तीन माझ्या हातांच्या थरथरीचे. ते गिऱ्हाइकाच्या माथी का मारायचे?”

“मग कुणाच्या?”

“माझ्या. तुला काय गं, बसल्या जागी जीभ चालवायची!”

“चालवते. तीनदा तार सोडवलीस, चौथ्यांदा जमलं. पण वेढे बघ, एकही वाकडा नाही. गिऱ्हाईक घेणार ते हेच ना? दोन तासांचं लॉकेट आता तुझ्याकडे नाहीच, ताई.”

थोरलीने ते हिरवे लॉकेट उचलून त्याचे वेढे निरखले. मग आतून थोरलीचा नंबर पुकारला गेला.

“पाच लिही,” उठता उठता ती म्हणाली, “पण कुणी विचारलंच, तर काम नाजूक आहे म्हणून सांग. हातांचं सांगू नकोस.”