नाडी बांधलेली गाडी

न्हाय न्हाय, तुमी बोलू नका रफीकभाई, तोंडात बॅटरी धरलीय तुमी, पडंल डोळ्यावर. ऱ्हावा तसंच. डोकं आत, पाय दाराच्या भाईर — बरं हाय की, ऊन तरी लागंना तोंडाला. मी सांगते सगळं. पृथ्वीराज माझा पोरगा हाय, खोटं बोलणार न्हाय, पण निम्मंच सांगतो त्यो. क्लचचं पायडल दाबलं की खालीच बसतंय, वर येत न्हाय, बघा जरा — एवढं बोलला आन गेला सात रस्त्याच्या चौकात क्लचचं तेल आणायला. पायडलला नाडी का बांधलीय ते सांगितलं का? न्हाय. नाडी कुणाची ते? ते तर न्हायच न्हाय. हात लावू नका तिला! म्हंजे — लावा, पण तोडू नका. माझ्या परकराची हाय. नवी हाय, धुतलेली. आदी त्याच्या पायजम्याची बांधलती, ती भर सिग्नलला तुटली.

ही गाडी घेतली तवाच मी बोलले व्हते. पुण्याच्या कुठल्या कंपनीतला जपानी सायब मायदेशी जाताना इकून गेला म्हणं — पंचवीस वर्सं झाली आसतील गाडीला, रंग लाल, आन बसकी इतकी की गल्लीतलं कुत्रं वरनं बघतंय तिच्याकडं. मी सगळीकडनं फिरून बघितली. म्हणलं, पृथ्वी, मागची शीट कुटं हाय? म्हणला, आई, स्पोर्ट्स कार हाय, दोनच शिटा असत्यात. दोनच! घरात माणसं किती? तीन. त्यो, त्याची बायको उत्कर्षा, आन मी. मग तिसऱ्यानं काय टपावर बसायचं — टपबी कापडाचा! मला इतका राग आला रफीकभाई, जेवायच्या ताटावरनं उठले. म्हणलं, मेले तरी ह्या गाडीत पाय ठिवणार न्हाय. पूजेलाबी गेले न्हाय, नारळ उत्कर्षानं फोडला. चार म्हैने त्यो रोज म्हणायचा, आई, चल की, एकदा फिरवून आणतो. मी म्हणायची, कुणाला उतरवून?

आन मग हे झालं. उत्कर्षा बँकेच्या ट्रेनिंगला पुण्याला गेली, दोन म्हैन्यांच्या, आन हिकडं पायडल बसलं. पृथ्वी सैपाकघरात आला, म्हणला, आई, गाडी अडली, कामावर कसं जाऊ? नाडी बांधून बघितली, पण स्टेरिंग धरू का गेर टाकू का नाडी ओढू, मला दोनच हात. शेजारच्या शिटीवर कुणीतरी पायजे बघ. मी भाकरी थापायलते. म्हणलं, रिक्षानं जा. म्हणला, बरं. आन तोंड असं केलं त्यानं — आता माणूस अडल्यावर मी काय राग धरून बसू? राग येगळा, काम येगळं. हाताचं पीठ धुतलं आन बसले जाऊन.

लई सोपं हाय वो. त्यो पायडल दाबतो, गेर टाकतो, मग म्हणतो 'आई, ओढ!' — मी ओढायची, पायडल वर येतंय, मग म्हणतो 'सोड!' पहिल्या दिवशी मी घाबरून सोडलीच न्हाय. त्यो दाबायलाय, मी ओढायलेय, गाडी मधीच उड्या मारायलीय. पण आठ दिसात असा हात बसला — आता तर त्यानं सांगायच्या आदी ओढते, इंजिनाच्या आवाजावरनंच कळतंय मला. सात रस्त्यावर एका फेरीत अठरा वेळा ओढली, मोजलीय मी. तितल्या पोलिसानं वाकून इचारलं, आजी, हातात काय हाय? म्हणलं, परकराची नाडी हाय, बघतोस? शिट्टी वाजवत गेला बिचारा. मोहोळला जाऊन आलो — काम काय नव्हतं, नुसती भजी खाल्ली. परवा तर जेऊरला गेलो, माझ्या माहेरी, नऊ वर्सं गेले नव्हते. भावजय दारात आली, आन मी उतरले डोळ्यावर उत्कर्षाचा काळा चष्मा लावून. मला रंभाबाई म्हणून वळखलंच न्हाय तिनं, पृथ्वीला म्हणली, ह्या बाई कोण? वाटंत पृथ्वी मला शिकवायलता, आई, हे थर्ड, आई, हे फोर्थ — रफीकभाई, लगीन झाल्यापासनं मी गाडीत कवा पुढं बसलेले न्हाय. त्याच्या बाच्या फटफटीवर मागं, जीपमधी मागं, टमटममधी तर उलटं तोंड करून. रस्ता समोरनं येताना मी पहिल्यांदा बघितला, न्हायतर सगळा गेलेलाच बघितला.

म्हणून म्हणते — कसं सांगू आता — उद्या उत्कर्षा यायलीय. पोरगी गुणाची हाय, तिच्याबद्दल माझं काय न्हाय. पण तिनं फोनवर सांगितलं, मी यायच्या आदी गाडी नीट करून घ्या, आन आणली ह्यानं तुमच्याकडं. गाडी नीट झाली की माझी शीट गेली की वो. तर तुमी असं सांगितलं तर? जपानी पार्ट हाय, मिळत न्हाय? सांगत्यातच की लोक. तुमच्या आईला, लालबीला इचारा, वीस वर्सं वळखती मला, मी कुणाला कवा खोटं बोलायला लावलं न्हाय. हे पहिलंच. आन तसंबी ते नीट व्हणार न्हाय. का म्हंजे? — जुनी गाडी हाय म्हणून — असं काय बघताय? बॅटरी माझ्या तोंडावर मारू नका. बरं, सांगते. तेल घातलंय मी. करडीचं. पृथ्वी मोबाइलवर व्हिडीओ बघायलता, त्यात म्हणं क्लचच्या डबीत भलतं तेल पडलं की आतलं रबर फुगतंय आन पायडल वर येत न्हाय. त्याला वाटलं मी मेथी निवडायलेय. दर बुधवारी त्याला सुट्टी, दुपारी त्यो झोपला की मी बॉनेट उचलायची आन एक पळी — जास्त न्हाय, फोडणीपुरतं. त्यानं ब्रेकला काय व्हत न्हाय न्हवं, ते आदी इचारून घेतलतं मी. येडी न्हाय मी काय.

कुटं निघालाव? बॉनेट कशाला उघडताय? बरं, बघा की, हीच डबी, पांढरी, निळ्या झाकणाची. हात बुडवून दाखवते — बघा, करडीच हाय. हसताय काय? ही क्लचची न्हाय? मग कशाची? काच धुवायच्या पाण्याची! अगं बया. म्हणून ती काच — पाणी मारलं की जास्तच चिकट, समोरचं सगळं पिवळं दिसायचं, पृथ्वी म्हणायचा धूळ हाय. जेऊरच्या रस्त्याला दोनदा म्हणला, आई, कसला वास येतोय, मला सारखी भूक का लागायलीय? मग मी सात आठवडे कुणाला तेल पाजलं वो? आन क्लचच्या डबीतलं तेल चोख हाय म्हणताय? मग पायडल कशानं बसतंय?

काय नसलं? स्प्रिंग? पायडल वर ओढून धरणारी. आकडा हाय, स्प्रिंगच न्हाय. बरं, पडली आसंल की कुटंतरी खड्ड्यात. आपोआप पडत न्हाय? पक्कड घालून काढावी लागती? असं कोण काढंल, पृथ्वीशिवाय कुणाचा हात न्हाय ह्या गाडीला — कुटं बघू? ह्या पुढच्या खणात? त्याला कुलूप असतंय. जुडग्यातली ही बारकी किल्ली? थांबा. कागद हायत. चष्मा पुसायचं फडकं. हा रुमाल — पृथ्वीचाच हाय, निळ्या काठाचा. जड लागतोय.

हीच का वो ती?

ग्रीस पुसून ठिवलीय. घडी घालून.

थांबा जरा, बोलू नका. उत्कर्षा सोमवारी गेली. मंगळवारी पायडल बसलं. मंगळवारी पहाटं त्यो गाडीत वाकून काय करायलता, मी खिडकीतनं इचारलं, तर म्हणला, हवा बघायलोय. चाकातली हवा, गाडीच्या आत डोकं घालून! आन मलाबी खरं वाटलं. चार म्हैने 'चल' म्हणून दमला त्यो, मी हाल्ले न्हाय. 'अडलंय' म्हणल्यावर पीठ धुऊन उठले. बरोबर वळखलं त्यानं मला. मला शेजारी बसवायला पोरानं चांगली गाडी लंगडी केली, आन मी येडी, त्याला फसवायलेय म्हणून पळीपळीनं तेल वतायलेय. तुमाला अर्धा तास उलटं पाडलं तरी खरं सांगवलं न्हाय त्याला, लाज वाटली आसंल. रडत न्हाय वो, करडीचा हात लागला डोळ्याला. लई बरं वाटलं रफीकभाई. इतकं बरं मला त्याच्या लग्नातबी वाटलं नव्हतं.

लावा ती स्प्रिंग. व्हय, मघाशी नीट करू नका म्हणले, आता लावा म्हणते. नाडी सोडते मी, गाठ माझीच हाय. दोन शिटा हायत आन उद्या उत्कर्षा येणार, एवढं कळतंय मला, तिची शीट तिला. पण आज अजून उत्कर्षा आली न्हाय. आता त्यो येईल, पायडल दाबून बघंल, आन ते आपलं आपण वर येईल. मग घरी जायला मला काय म्हणतो, तेवढंच बघायचंय. 'आई, रिक्षा करून देऊ का' म्हणतो, का 'चल' म्हणतो.

आला बघा, बाटली हालवत यायलाय. बॉनेट लावा, रुमाल द्या हिकडं. तुमी एक शब्द बोलू नका. आन आता मीबी न्हाय.