खिळा नाई, काटा नाई

माहं नाव शोभा, माहेर बाभुळगावकडचं, अन् माहा बाप रोलर चालवे. रस्त्याच्या ठेकेदाराकडं तो मोठा लोखंडी चाकाचा रोलर रायते ना, धडधड धडधड गिट्टी दाबत जाते, तो. त्याले टायरच नसते, म्हनून टायर फुटते हे मले लगन होईस्तोवर माहीतच नोतं, काय सांगू तुमाले ताई. शाळा आठवीपर्यंत, मंग वावरात निंदन-खुरपन, मंग लगन. आमी बौद्ध लोकं, माह्या आज्यानं दीक्षा घेतलेली, घरात नवस नाई, अंगारा नाई, पंचांग नाई. बाप म्हने, जो पोरीची पत्रिका मांगन त्या घरात मी पोरगी देत नाई. सासर भेटलं मारेगावकडचं, ते बी बौद्धच, भिंतीवर तेच फोटो, कपाटात तेच पुस्तकं, बाप खूश झाला. अन् त्यायच्याकडं जीप होती.

जीप म्हंजे साधी नोती, फोर व्हील. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैल फसते तिथून ते निंघे, गेरजवळ एक लहान दांडा, तो वढला का पुढचे चाकं बी जोर लावतात. सासरा सकाळी मजूर बायाले वावरात नेऊन सोडे, कापूस येचाले, संध्याकाळी आनून सोडे, मधल्या टायमात बाजाराच्या सवाऱ्या. घर त्याच्यावर चाले. त्या दांड्याचा बुढ्याले एवढा गर्व का कोरड्या डांबरी रोडवर बी तो लावूनच ठेवे, म्हने गाडी पक्की धरते. कोन सांगन त्याले.

लगन लागलं मे मयन्यात. उन असं का डांबर चप्पलले चिकटे. वंदना झाली, जेवनं झाले, निंघाच्या टायमाले शेजारची एक बाई नारळ घेऊन धावत आली, म्हने चाकाखाली ठेवा, गाडीनं फोडला पायजे, नवरी तशीच नेत नाईत. बाप म्हने आमच्यात नाई ते बाई, फोडून खाऊन टाका, खोबरं गोड असन. लोकं हासले. सासू नाई हासली, मी पाह्यलं.

करंजी गाव मांगं पडलं, आता घर जवळ आलं म्हनेपर्यंत फाट्कन आवाज. गाडी एका अंगाले वढली, सासऱ्यानं घाबरून करकचून ब्रेक मारला, गाडी गरकन फिरली अन् नालीत आडवी. मेलं कोनी नाई. पन सासूचा हात कोपरात मोडला, अन् तो वाकडाच बसला, आजबी तिले येनी घालता येत नाई. ते मी मान्य करतो, दुखलं तिले, लय दुखलं. मंग लोकायनं टायर पाह्यला, बोटं घालू घालू पाह्यला, खिळा नाई, काटा नाई, नक्षी शाबूत. मंग फुटला काहून? पयले सगळे टायरकडे पाहत होते, मंग हळूहळू माह्या पायाकडे पाहाले लागले. मी नवी नवरी, पांढरं लुगडं, पायात नवी चप्पल. सासू नालीत बसल्या बसल्याच बोलली, घरात पाय ठेवाच्या आदीच माहा हात खाल्ला ईनं.

बस, तिथून सुरू. पायगुन. दिवाळीच्या आदी बाजारातून येता येता दुसरा फुटला, तवाबी मी गाडीत, मांगच्या शिटवर, अन् फुटला बी मांगचाच. सासू म्हने पाहा, जिथं बसते तिथला फुटते. गावात माहं नाव पडलं टायरफोडी, लेकरं बी म्हनत. मले गाडीत बसाची बंदी झाली. घरची गाडी असून मी फाट्यावर एसटीची वाट पाहत उभी राहो, माह्या समोरून माहीच गाडी जाये, अन् मालक, म्हंजे माहा नवरा, तोच चालवे तवा, मान खाली घालून जाये. मी त्याले म्हनो, तुमी बोलत काहून नाई? तो म्हने आईचा हात पाह्यला काय तू. बरं बावा, आईचा हात पाह्यला, बायकोचं तोंड कोन पाहीन?

पन मी रडत बसनाऱ्यातली नाई. तोंडावर म्हनलं सासूले, आई, आपन बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोकं, भिंतीवर कोनाचा फोटो लावला ते पाहा अन् मंग पायगुन म्हना. त ती काय म्हने, तो फोटो तुह्या आदीपासून हाय या घरात, तवा एकबी टायर फुटला नाई. आता याले काय म्हनता तुमी?

पोराच्या टायमाले भर दुपारी कळा सुरू झाल्या. जीप आंगनात उभी, चावी खुंटीवर, मी उंबऱ्यात घामानं वलीचिंब. सासू दारात आडवी झाली, म्हने ईले बसवलं अन् रस्त्यात फुटला त दोघं जातीन. आता तिले काळजीच असन, मी नाई म्हनत नाई, पन कळा सोसता सोसता दुसऱ्याची काळजी समजून घ्याले डोस्कं जाग्यावर पायजे ना. मालकानं चावी काढली नाई. शेजाऱ्याच्या तीनचाकी ॲपेत नेलं मले, सगळे खड्डे मोजत, पोरगा दवाखान्याच्या पायरीवरच होता होता राह्यला. ते मी इसरली नाई अन् इसरनार बी नाई.

पोरगा शाळेत जाले लागला तवा तिसरा फुटला, अन् मी घरी! पोळ्या करून राह्यलती. मले वाटलं सुटली आता. संध्याकाळी सासू म्हने, सकाळी गाडी तूच धुतली होती ना, हात लागला तुहा. तवा माहं डोस्कं फिरलं. तो फुटका टायर उचलला, डोक्यावर घेतला, एसटीच्या कंडक्टरले तिकीट मांगलं, तो म्हने बाई टायरचं बी तिकीट काढू काय, मी म्हनलं काढा, त्याले बी मारेगावलेच जाचं हाय. तिथं रशीदभाईचं टायरचं दुकान. ते म्हने भाभी, हा कायले आनला, हा भंगार. मी म्हनलं भंगारच हाय, पन हा मेला कायनं तेवढं सांगा. त्यायनं फडक्यानं पुसून टायरच्या गालावरचे चार आकडे दाखवले, कोनत्या सालचा हाय ते तिथं लिवलं रायते. माह्या पोराच्याही आदी जन्मलेला तो टायर! सासऱ्यानं नक्षी पाहून जुन्यात घेतला, तो कोनाच्या तरी टिनाच्या छपरावर उन्हात पडून पडून पापड झालेला. रशीदभाई म्हने, बाहेरसे जवान, अंदरसे बुढ्ढा, अन् वरून कोरड्या रोडवर तुमी फोर व्हीलचा दांडा लावून पळवता, चाकं एकमेकाले वढतात, त फुटन नाई त काय. मले असं हासू आलं ताई. पोरीची पत्रिका नाई पाह्यली ते बरंच केलं, टायरची त पाह्याची होती.

घरी येऊन सांगतलं. आयकलं कोनी? सासरा म्हने रशीदले नवे टायर इकाचे हाय, म्हनून सांगते तो.

मंग मी ठरवलं का सांगून काई होत नाई, आता बसाचं. सकाळी मजूर बाया गाडीत बसून होत्या, मी गेली अन् समोरच्या शिटवर जाऊन बसली. मालक खालीच उभा. मी म्हनलं उचलून फेका नाई त चालवा, मी उतरत नाई. मांगून बाया उतराले लागल्या, टायरफोडी बसली वं, टायरफोडी बसली, करत. एक कोलाम बुढी होती, राजुबाई, ती जाग्यावरून हालली नाई. म्हने मी त बसतो, पायी गेली त दुपार होते अन् मजुरी अर्धी होते, अन् या गावात रोज कोनाचा ना कोनाचा पाय वाईट निंघते, मंग मानसानं चालाचंच नाई काय? ती उतरली नाई म्हनून दुसरी चढली, मंग सगळ्याच चढल्या. त्या दिवशी काई फुटलं नाई. सासूनं दोन दिवस माह्या हातचं खाल्लं नाई. मंग भूक लागली.

पुढं मालकाची पाठ गेली, डॉक्टरनं गाडी बंद केली, सासरा त गेलाच होता, मंग ष्टेरिंग कोनाच्या हाती येनार? माह्या. मालकानंच शिकवलं, बोलला नाई पन शिकवलं चांगलं. टायर घ्याले गेली का मी पयले आकडे पाहतो, मंग भाव इचारतो. गाडी रंगवली तवा पेंटर म्हने मांगं काय लिवू, आईची पुन्याई लिवू काय? मी म्हनलं मोठ्या अक्षरात लिव, टायरफोडी. आता बाया म्हनतात चाला वं, टायरफोडी आली, अन् पदर खोचून पयल्या नंबरानं चढतात.

अन् आता या उन्हाळ्यात पोराचं लगन झालं. सून उमरखेडकडची. नवरीले आनाले गाडी मीच नेली, दुसऱ्या कोनाच्या हाती दिलीच नाई. मांगं पोरगा, मालक, सासू, अन् माह्या बाजूले नवी सून. आर्णी सोडलं अन् फुटला. पुढचा, पोरीच्याच बाजूचा. मी ब्रेकले पाय लावला नाई, ष्टेरिंग घट्ट धरलं, एक्सलेटर सोडलं, गाडी हळू होत होत एका निंबाखाली लागली. कोनाले खरचटलं बी नाई. खाली उतरली, टायरवर हात फिरवला. खिळा नाई, काटा नाई. मांगच्या गाडीतले पाहुने उतरले, अन् त्यायच्या डोळ्याची चाल मी वळखली ताई, टायरकडून पोरीच्या पायाकडे. पोरगी बिचारी खाली पाहत होती, तोंड पांढरं फट्टक. सासू उतरली, बुढी झाली आता, तो वाकडा हात पोटाशी धरून आली. हातात जॅक होता, खोटं कायले सांगू, मनात म्हनलं आज ईच्या तोंडून एक शब्द निंघाला त ईले इथंच सोडून जातो.

सासूनं मले इचारलं, किती जुना होता टायर?

माह्या लग्नात हे कोनी इचारलं नोतं. कोनीच नोतं इचारलं. अन् आता इचारलं त माहीच पंचाईत, काहून का तो जुना नोताच. मांगच्याच मयन्यात घेतलता, आकडे पाहून, कोरा करकरीत. जुना होता म्हनलं असतं त पोरगी तिथंच सुटली असती. पन खोटं बोलून तिले कायले सोडवाचं, तिनं केलं काय? मी म्हनलं, नवा होता, आई.

सासूनं सुनीच्या पायाकडे पाह्यलं, मंग टायरकडे, मंग त्या पाहुन्यायकडे.

“टायर हाय,” ती म्हने. “फुटते.”

एवढंच. एवढं म्हनाले तिले माही अर्धी जिंदगी लागली. मी काई तिच्या गळ्यात पडली नाई, अन् माफ बी केलं नाई, त्या ॲपेतले खड्डे मले आजबी हाडात लागतात. जॅक लावला, स्टेपनी चढवली. नट आवळाले सून माह्याजवळ खाली बसली, लुगड्याले ग्रीस लागलं, पोरगा म्हने अवं लुगडं, त सासू म्हने लागू दे.

आता सून गाडी शिकून राह्यली. दांडा कवा लावाचा, कवा काढाचा, सगळं इचारते, अन् बुढी ओसरीतून वरडते, ब्रेक नोको मारू वं, सोड, सोड. मी हासतो. जा ताई, उन चढलं, सुखानं जा. जातानी तुमच्या गाडीच्या टायरचे आकडे पाहून घेजा. अन् येवढं पाहून बी फुटलाच कुठं, त फुटला म्हना, अन् बाजूले बसलेल्या बाईले पयले पानी पाजा.