चिंधूनं नाकारलेला बेहडा

ऐका रं पोरांनो, जवळ सरका. तो शेकोटीतला ओंडका जरा आत ढकला, मला मधेच उठवू नका.

पलीकडच्या पाड्यावर चिंधू होता, झाडपाल्याचं औषध देणारा. खोकला म्हटला की चिंधूचा बेहडा. फळाला तूप माखायचं, वरून कणीक लिंपायची, निखाऱ्यात भाजायचं आणि साल तोंडात धरायची. बी मात्र टाकून द्यायची हं, बी खाल्ली की झिंग चढते! मरताना बापानं त्याला एकच शपथ घातली होती, दारी आलेल्या दुखणेकऱ्याला नाही म्हणायचं नाही.

आणि यानं म्हटलं! झिपरी म्हातारीच्या शेळ्यांनी त्याची नाचणी खाल्ली होती, तो राग. म्हातारी खोकत खोकत दारात आली. गाडगंभर बेहडे घरात, आणि हा म्हणतो, "संपले, मावशी." आठ दिवसांत म्हातारी गेली. तेव्हापासून त्याला ते गाडगं बघवेना. नेलं आणि ओढ्यात ओतलं. आता सांगा, असं ओतून पाप जातं होय?

पुढं पौषात त्याचीच लेक सगुणा खोकायला लागली. दहा वर्षांची पोर, एका रात्री श्वासच घेववेना. घरात एक बेहडा नाही. निघाला तसाच अंधारात, खिंडीतल्या झाडाकडं. बेहडा म्हणजे भुतांचं घर, ठाऊक आहे ना? आदल्या सांजेला तांदूळ-सुपारी ठेवून झाडाला सांगायचं, मग सकाळी फळ घ्यायचं, अशी रीत. पण त्याला कुठला धीर!

खिंड लागली. मागं कुणीतरी खोकलं. वळला, कुणी नाही. चार पावलं गेला, पुन्हा खोकला. आता डाव्या अंगाला. मग उजव्या! तसाच झाडाखाली पोचला, चाचपून फळं वेचली, धोतराच्या सोग्यात बांधली. उठतो तर सोगा जड! सोडून बघतो तर सगळे दगड. पुन्हा वेचली, पुन्हा दगड. तिसऱ्यांदा हात घातला, तर त्याच्या हातावर दुसरा हात. गार. सुरकुतलेला.

"चिंधू, एक बेहडा दे की रं बाबा."

पळायचं होतं हो त्याला, पण त्या हातानं मनगट धरून ठेवलेलं. रडतच बोलला, "होते, मावशी! गाडगंभर होते. शेळ्यांच्या रागानं नाही दिले. मीच मारलं तुला. माझ्या पोरीला नको गं नेऊ!"

हात सुटला. मुठीत चार फळं, फळंच! जो पळत सुटला तो घराच्या उंबऱ्यावर येऊन आदळला. साल भाजून पोरीच्या तोंडात दिली. पहाटेपर्यंत सगुणाचा श्वास मोकळा झाला.

उजाडताच तो म्हातारीच्या लेकाकडं गेला, लहानूकडं. काही न लपवता सगळं सांगितलं. लहानूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या दिवशी मी आईला म्हटलं होतं, पुन्हा एकदा विचारून बघ, असतील त्याच्याकडं. तर मलाच रागावली. म्हणाली, असता तर चिंधूनं दिला नसता का?"

तेव्हा बाबांनो, रात्रीच्या वेळी खिंडीच्या त्या वाटेला जाऊ नका. चिंधू परत कधी गेला नाही. पण भुताला भिऊन नव्हे. म्हातारीनं शेवटपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवला होता, तेच त्याला सोसवत नव्हतं.