‘शांतपणे’ हा शब्द खोडावा

सभेचे अध्यक्ष आणि मठाचे प्रमुख फादर, व्यासपीठावरील पाहुणे, मठातील सर्व बंधू, वॉर्डातल्या माझ्या जुन्या सहकारी आणि उपस्थित स्त्री-पुरुषहो,

मी एरवी भाषण लिहून आणत नाही. आज आणले, कारण आपल्या आमंत्रणपत्रिकेत छापले आहे की ब्रदरनी ‘शांतपणे देह ठेवला’. तेच दगडावर कोरायचे ठरले आहे असे ऐकते. ते खरे नाही. मी वॉर्डातली नर्स, त्यांच्या उशाशी होते.

आमच्या वॉर्डात त्यांना दोरीबाबा म्हणत. तपकिरी झगा, कमरेला पांढरी दोरी, तिला व्रतांच्या तीन गाठी. मरणाच्या दारातला रोगी काही धरायला चाचपडू लागला, की दोरीचे लोंबते टोक त्याच्या मुठीत द्यायचे आणि स्टुलावर बसून राहायचे. उपदेश नाही. एका खवट म्हाताऱ्याने विचारले होते, “काय हो, हिला धरून स्वर्गात ओढत नेणार का मला?”

“छे हो! तुम्ही मला ओढून न्याल, म्हणून तर कमरेला घट्ट बांधलीय.”

म्हातारा हसला. हसत हसत गेला असे सांगायला बरे वाटले असते. फार तळमळून गेला. पण टोक सोडले नाही.

मग खुद्द बाबांवर वेळ आली. सगळे म्हणाले, यांना कसली आलीय भीती? जन्म गेला यात! एका सकाळी मी पाहते तो दोरीचे एक टोक पलंगाच्या कठड्याला, दुसरे त्यांच्या मनगटाला.

“हे काय चालवलंय, बाबा?”

“पळून जाईन असं वाटतंय, सिस्टर.”

“या पायांनी?”

“पाय कुठले! मन पळतंय. फार भीती वाटते.”

“देवाची?”

“तो समोर असता तर कशाला भ्यालो असतो? कुणी दिसतच नाही.”

मी म्हणाले, घाबरू नका, सगळं ठीक होईल. ते चिडले. “माझीच वाक्यं मला ऐकवू नका. आणि हे बघा, माझ्यामागे ‘शांतपणे गेला’ म्हणतील. म्हणू देऊ नका. पुढचा माणूस घाबरला की त्याला वाटेल, आपलीच श्रद्धा कमी पडली.”

शेवटची प्रार्थना त्यांनी दात वाजत असताना म्हटली. मध्येच रडले. पण पुरी म्हटली, आणि दोरी मनगटाला असतानाच गेले.

फादर मघाशी चहाच्या वेळी मला म्हणाले, “बाई, लोकांना आधार नको का?” हवा ना. पण कोणाला? आपल्याला, की उद्या त्या पलंगावर असणाऱ्याला? घाबरलेला माणूस जागा सोडत नाही, याहून मोठा आधार मला तरी ठाऊक नाही. दगडावर नाव कोरा, तो शब्द नको.

बोलू दिलेत, आभारी आहे. शोकसभेत तोंड फटकळपणे चालले, त्याची क्षमा असावी.

आता बाबांच्या मागे राहिलेल्या, मठाच्या वस्तू सर्वांसमक्ष फादरांच्या हाती देते. चष्मा. चपलांचा जोड. लाकडी जपमाळ. आणि दोरी, दोन तुकड्यांत. कठड्याची गाठ आमच्याने सुटली नाही, कापावी लागली.