एकाच वेळचा उशीर

लवादाच्या दालनाबाहेरच्या बाकाला कान असतात. त्या दिवशी त्यांत माझ्या दोन कानांची भर पडली. शेजारी बसले होते घर बांधून घेणारे भावोजी आणि ते बांधणारा ठेकेदार, त्यांचाच मेहुणा.

“तळमजल्याचे नकाशे तुम्ही उशिरा दिलेत, भावोजी.”

“तुझे गवंडी तेव्हा दुसऱ्याच कामावर! नकाशे काय विटांना वाचून दाखवायचे होते?”

“आणि नकाशांवाचून गवंड्यांचं काय लोणचं घालायचं होतं?”

“गवंडी नाहीत हे कळलं, म्हणून मी नकाशांची घाई केली नाही.”

“नकाशे नाहीत हे कळलं, म्हणून मी गवंडी परत बोलावले नाहीत.”

“वकील म्हणतात, दोघांचा उशीर एकाच वेळचा. भरपाई कोणालाच नाही, मुदत तेवढी वाढवून मिळेल.”

“आई गेल्यावर मुदत घेऊन काय करायचं? तळमजल्यावरची खोली तिच्यासाठीच होती ना?”

“शेवटपर्यंत विचारायच्या सासूबाई, हे जिने माझे कधी सुटणार म्हणून.”

“तुम्ही काय सांगायचात?”

“तुमचा लेक उशीर करतोय म्हणायचो. आणि तू?”

“जावयाचं नाव पुढे करायचो.”

“मग?”

“म्हणायची, त्यांना बोलू नकोस रे. मला कुठे घाई आहे?”