सेजलच्या बॅगेतले देव

सेजल : आई, कुळथाचं पीठ एवढं नको. विमानात वजन करतात. माझे स्वेटर अजून बाहेरच आहेत.

तुळसा : स्वेटर जर्मनीत गावतील. कुळीथ गावल काय?

सेजल : हॉस्पिटलवाले जेवायला देणार आहेत. आणि पिठाखाली हे काय बांधलंयस?

तुळसा : ऱ्हाऊ दे. सोडू नको.

सेजल : देवांचे टाक? देव्हाऱ्यातले सगळे देव काढलेस?

तुळसा : परमुलखात सोबत नको काय गो तुला?

सेजल : सोबतीला एक पुरला असता. आणि हा आप्पांचा फोटो. ते गेल्यापासून तू याच्यापुढेच दिवा लावतेस ना?

(तुळसा उठून मागच्या दाराला कडी घालते.)

सेजल : भरदुपारी दार का लावलंस?

तुळसा : उगाच.

सेजल : मागच्या डोंगराची भेग वाढलीय? गेल्या पावसात तिच्यात जेमतेम बोट जात होतं.

तुळसा : परवा वासराचा पाय अडकला. पार गुडघ्यापर्यंत.

सेजल : आणि मला बोलली नाहीस.

तुळसा : बोलले असते तर तू गेली असतीस? नर्स व्हायला एवढी शिकलीस. घर जायचं तर जाईल. देव, तुझ्या बापाचा फोटू, तुझे बारशाचे वाळे, तेवढं तुझ्यापाशी ऱ्हाईल म्हनून घातलं.

सेजल : आणि तू?

तुळसा : मी काय बॅगेत मावते?

सेजल : हसू नकोस. मी तिकडे वॉर्डात असणार, इथे आपल्या कापडे गावात रात्रभर पाऊस. तू फोन उचलला नाहीस तर मी कुणाला विचारू? मावशी दरवर्षी पावसाळ्यात तिच्या सव गावाला बोलावते. जा ना.

तुळसा : गुरं हायत.

सेजल : तिचा गोठा रिकामाच आहे.

तुळसा : बहिनीकडं अख्खा पावसाळा कसा काढायचा? लोक काय म्हनतील?

सेजल : मग मी पण जात नाही. हे बघ, काढले कपडे बाहेर.

तुळसा : नको गो, असं करू नको. मलापन भ्या वाटतं. निजले तरी कान डोंगराकडंच असतात.

सेजल : मला नाही वाटत भीती? पनवेलच्या पुढे कधी गेलेय मी? ऊठ, तुझी पिशवी काढ. देव आणि फोटो तुझ्याबरोबर. मला वाळे पुरेत. आधी तुला आणि गुरांना सवला पोचवते, मग विमान.

तुळसा : दोन लुगडी घेते. गोळ्या घेते. आनि सेजल, घराला कुलूप लावायचं काय गो?