पिंगळीच्या ठेसनावरचं तिकीट

माझा जन्म पिंगळीचा, घर शेतकऱ्याचं, राज्य निजामाचं. परभणीला मावशीकडं राहून मी मॅट्रिक झाले, आन तेबी उर्दूतून, सगळं शिकणंच उर्दूत व्हतं तवा. पुढं हैदराबादेला कॉलेजात जाते म्हणलं तर दादा, म्हंजे माझे वडील, हो बी म्हणनात न् न्हाई बी म्हणनात.

आमच्या शाळंत रझिया आपा व्हत्या, उस्तानी, म्हंजे मास्तरीणबाई. त्या म्हणल्या, पास झालीस, पण तिथं टिकशील का? काय सांगू तुमाला, सगळा उन्हाळा घोटून घेतलं मला. त्या भराभरा उर्दू बोलायच्या, मी लिवून घ्यायचं, थांबा म्हणायचं न्हाई, तिथले प्रोफेसर थांबत नसतेत म्हणायच्या. दुकानात गेलो की सौदा मीच करायचा, त्या मागं बुरख्यात गप उभ्या. मी बोलायले की मान आपसूक खाली. मान वर, म्हणायच्या, मान वर!

मंग म्हणल्या, आता गावाकडनं परभणीला आगगाडीनं एकटी ये. पिंगळीच्या ठेसनात खिडकीशी गेले, सगळे गडी बघायलेत, न् बाबू म्हणतो, बाप कुठाय? म्हणलं, वावरात हाय, जायलेय मी, तिकीट मला द्या. तेवढ्यात चुलते आले, हात धरला, घरी चल म्हणले, नाक कापलंस आमचं. मी म्हणलं, काका, हात सोडा, गाडी यायलीय. सोडला वो त्यांनी! मी बसले न् गेले.

सांजंला परत आले तर दादांच्या कानावर सगळं गेल्यालं. खरंच आसं बोललीस? म्हणलं, हो. भाकर मोडता मोडता म्हणले, तिथं बी आसंच बोल. आन हैदराबादेला सोडायला तेच आले.

पहिल्यांदा लय रडले तिथं, पण रडत रडत लिवून घेतलं, मागं फिरले न्हाई. मी शिकत असतानाच पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं. सुट्टीत परभणीला आले तर आपांच्या दाराला कुलूप. लय इचारलं, कुठं गेल्या कुणालाच ठाव न्हाई.

पुढं मी बी मास्तरीणच झाले. आता डोळ्याला कमी दिसतंय, तरी पोरी पुण्याला, औरंगाबादला निघाल्या की आदुगर माझ्या ओसरीवर येतेत, मान वर ठिवून बोलून घेते त्यांच्याकडनं, आपांचं नाव सांगते. आता त्या कुठल्या असायला, मीच एवढी म्हातारी झाले. जिथं माती पडली असंल त्यांची, तिथं गार सावली असावी, येवढंच मागते.